संगणक जुळणी

संगणक जुळणी : बाजारात सुटे मिळणारे प्रमाणित घटक निवडून, ते एका पेटीत परस्परांशी जोडून व त्यांवर कार्यकारी प्रणाली बसवून वापरण्याजोगा संगणक तयार करणे, या क्रियेस संगणक जुळणी म्हणतात. मेजावर ठेवून वापरावयाच्या, म्हणजे डेस्कटॉप संगणकाची अशी जुळणी घरच्या घरी, एका स्क्रू-पिळ्याच्या साहाय्याने व डाख न देता करता येते. पहिल्यांदाच जुळणी करणारी व्यक्ती पुष्कळदा संगणकीय खेळ खेळणे व घरी संगीताचे ध्वनिमुद्रण करणे असे दोन उद्देश एकत्र मनात धरते. हे दोन्ही उपयोग एकाच यंत्राने साधता येतात. मात्र त्यांच्या गरजा काही बाबतींत एक असून काही बाबतींत परस्परविरोधी आहेत. हा विरोध आधी समजून घेतल्यास खर्च योग्य ठिकाणी होतो. न घेतल्यास महागडा संगणक तयार होऊनही त्यावर एक गीतही समाधानकारक मुद्रित होत नाही.

इतिहास : घरगुती जुळणीचा आरंभ सामान्यतः ‘अल्टेअर ८८००’ या संचापासून मानतात. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकात या संचाची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात इंटेल कंपनीचा ८०८० हा सूक्ष्मप्रक्रियक होता व ग्राहकाला सर्व भाग स्वतः डाख देऊन जोडावे लागत. १९७६ मधील ‘ॲपल-१’ हा संगणक जोडलेल्या मंडलपट्टाच्या स्वरूपात मिळे. पेटी, कळफलक व वीजपुरवठा यांची सोय ग्राहकाने करावयाची असे. ऑगस्ट १९८१ मध्ये आय. बी. एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यातील इंटेल ८०८८ हा प्रक्रियक ४·७७ मेगॅहर्ट्झ कंप्रतेने चाले आणि विस्तारासाठी पाच खाचा ठेवलेल्या होत्या. कंपनीने त्याच्या विद्युत् मंडलांची माहिती तांत्रिक पुस्तिकेत प्रसिद्ध केली. त्यामुळे इतर उत्पादकांना या संगणकात बसतील अशी कार्डे व पुढे त्याच्याशी सुसंगत असे संपूर्ण संगणक तयार करता आले. निरनिराळ्या कारखान्यांतील भाग एकमेकांत बसू शकतात, या आजच्या जुळणीच्या मूळ गृहीताचा उगम येथे आहे. १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या ए. टी. एक्स. या प्रमाणाने मदरबोर्डाचे आकारमान (३०५ × २४४ मिमी.), स्क्रूंच्या जागा व वीजपुरवठ्याची जोडणी निश्चित केली. हे प्रमाण अनेक सुधारणांसह अद्यापि वापरात आहे.

खेळ व संगीत यांची सांगडही जुनी आहे. निरनिराळ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी जोडणारे ‘मिडी’ हे प्रमाण १९८३ मध्ये प्रचारात आले. १९८५ मध्ये आलेल्या ‘अटारी एस. टी.’ या संगणकात मिडीची जोडणी मुळातच असल्याने तो खेळणाऱ्यांप्रमाणेच संगीतकारांतही लोकप्रिय झाला. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ हे कार्ड (१९८९) मुख्यतः खेळांतील ध्वनीसाठी विकले गेले. पण त्यावर ८ बिटी, एकमार्गी ध्वनिमुद्रण करता येई आणि खेळाची दांडी जोडण्याच्या त्याच खाचेतून मिडी वाद्यही जोडता येई.

खेळाच्या गरजा : खेळातील दृश्य हे एकामागून एक काढलेल्या स्थिरचित्रांचे बनलेले असते. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची तर प्रत्येक चित्र सिद्ध करण्यास सु. १६·७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चित्रांसाठी हा अवधी ६·९ मिलिसेकंदांवर येतो. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर प्रत्येक चित्रात सु. २०·७ लाख बिंदू असतात. ३८४० × २१६० बिंदूंच्या पडद्यावर त्यांची संख्या चौपट होते. प्रत्येक बिंदूचा रंग व प्रकाश ठरविण्याचे काम ग्राफिक्स कार्डावरील प्रक्रियक करतो. यात हजारो लहान गणनएकके एकाच वेळी काम करतात. म्हणून खेळासाठी जुळविलेल्या संगणकात ग्राफिक्स कार्ड हा बहुधा सर्वांत महाग घटक असतो, आणि त्याची निवड पडद्याच्या बिंदुसंख्येवरून करावी लागते.

ध्वनिमुद्रणाच्या गरजा : ध्वनिग्राहकातून येणारा विद्युत् संकेत ठराविक कालांतराने मोजून त्याचे अंकांत रूपांतर करतात. संगीत-तबकडीसाठी (१९८२) सेकंदाला ४४,१०० मापे व प्रत्येक माप १६ बिटांचे असे प्रमाण ठरले. घरगुती मुद्रणात आता ४८,००० मापे व २४ बिट हे प्रमाण रूढ आहे. प्रत्येक बिटामागे संकेताचा आवाका सु. ६ डेसिबेलांनी वाढतो. त्यामुळे २४ बिटी मुद्रणात पातळी जपून कमी ठेवली, तरी सूक्ष्म स्वर हरवत नाहीत. याउलट पातळी मर्यादेबाहेर गेली, तर संकेताचा माथा कापला जातो व तो नंतर पूर्ववत करता येत नाही [→ ध्वनिमुद्रण].

या मापनातून निर्माण होणारी माहिती वाटते तितकी प्रचंड नसते. एका मार्गासाठी सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात. चोवीस मार्ग एकाच वेळी मुद्रित केले, तरी हा वेग सेकंदाला सु. ३·५ मेगॅबाइटच होतो आणि तासाभरात सु. १२·४ गिगॅबाइट जागा व्यापली जाते. साधी फिरती हार्ड डिस्कदेखील यापेक्षा कितीतरी वेगाने माहिती लिहू शकते. तेव्हा मुद्रणाची खरी अडचण माहितीच्या राशीची नसून वेळेच्या शिस्तीची आहे.

विलंब : संगणक प्रत्येक माप स्वतंत्रपणे हाताळीत नाही, मापांचा एक गट साठविला की त्यावर संस्कार करतो. १२८ मापांचा गट भरण्यास सेकंदाला ४८,००० मापांच्या वेगाने सु. २·७ मिलिसेकंद लागतात, तर १,०२४ मापांच्या गटास २१·३ मिलिसेकंद. आत येताना व बाहेर जाताना असा दोनदा विलंब होतो. त्यात रूपांतरकांचा वेळ मिळविला जातो. हवेत ध्वनी २·७ मिलिसेकंदांत सु. ०·९ मी. अंतर कापतो. म्हणजे लहान गटाचा विलंब हा वाद्यापासून दोन-तीन मीटर दूर बसण्यासारखा असून तो सहज खपतो. मोठ्या गटाचा दुहेरी विलंब मात्र चाळीस मिलिसेकंदांवर जातो. तबलावादकाला कानावरील श्रवणसंचात आपलीच थाप मागाहून ऐकू येते व लय सुटते.

गट लहान ठेवावा, तर प्रक्रियकाला प्रत्येक गटाचे काम तितक्याच अल्प वेळात संपवावे लागते. ते एकदा जरी हुकले, तरी ध्वनीत ‘टक्’ असा खंड पडतो. खेळातील एखादे चित्र उशिरा आले, तर दृश्य क्षणभर अडखळते व खेळणारा ते विसरून जातो. मुद्रणात हुकलेला क्षण गायनाच्या त्या आवर्तनात कायमचा राहतो. म्हणूनच खेळात सरासरी वेग महत्त्वाचा, तर मुद्रणात सर्वांत वाईट क्षण कसा गेला हे महत्त्वाचे ठरते. रूढ उपाय असा की, मुद्रण करताना गट लहान ठेवावा आणि नंतरच्या मिश्रणाच्या वेळी मोठा करावा.

घटकांची निवड : (१) प्रक्रियक : एका मार्गावरील संस्कार क्रमाने करावे लागत असल्याने ते बहुधा प्रक्रियकाच्या एकाच गाभ्यावर होतात, खेळांचे मुख्य कामही पुष्कळसे एका गाभ्यावर अवलंबून असते. म्हणून दोन्ही उपयोगांना गाभ्यांच्या संख्येपेक्षा प्रत्येक गाभ्याचा वेग आधी पाहावा. सहा ते आठ वेगवान गाभ्यांचा मध्यम किमतीचा प्रक्रियक पहिल्या जुळणीस पुरेसा होतो.

(२) मदरबोर्ड : प्रक्रियकाची बैठक मदरबोर्डावरील बैठकीशी तंतोतंत जुळावी लागते. इंटेल व ए. एम. डी. यांच्या बैठका भिन्न असून एकाच कंपनीच्या निरनिराळ्या पिढ्यांतही त्या बदलतात. रॅमचा प्रकारही मदरबोर्डच ठरवितो, डी. डी. आर. ४ व डी. डी. आर. ५ या पट्ट्यांची खाच वेगळ्या ठिकाणी असल्याने त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

(३) रॅम व साठवण : बहुतेक खेळांना १६ गिगॅबाइट रॅम पुरते. मुद्रित वाद्यस्वरांचे मोठे संग्रह वापरणाऱ्यास ३२ गिगॅबाइट घेणे हिताचे, कारण असे संग्रह रॅममध्ये भरून ठेवावे लागतात. एकाच मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या घेतल्यास स्मृतीचे दोन मार्ग एकाच वेळी वापरले जातात. साठवणीसाठी घन-अवस्था साधन, म्हणजे एस. एस. डी., घ्यावे. ते वेगवान आहेच. पण त्यात फिरणारा भाग नसल्याने ते संपूर्णपणे निःशब्द असते, ही गोष्ट मुद्रणाच्या खोलीत अधिक मोलाची आहे.

(४) ग्राफिक्स कार्ड : मुद्रणाला याचा फारसा उपयोग नाही. तथापि अनेक कार्डांचे पंखे भार कमी असताना आपोआप थांबतात. असे कार्ड निवडल्यास खेळासाठी केलेला खर्च मुद्रणाच्या आड येत नाही. कार्डाची लांबी कॅबिनेटात मावते की नाही, हे खरेदीपूर्वीच मोजावे.

(५) वीजपुरवठा : घरातील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ प्रत्यावर्ती प्रवाहाचे १२ व त्याहून कमी व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणाऱ्या या घटकास बाजारात एस. एम. पी. एस. म्हणतात. ग्राफिक्स कार्डास २२०, प्रक्रियकास १२० व इतर घटकांस ६० वॉट धरल्यास एकूण भार ४०० वॉट होतो. भारातील क्षणिक उसळ्या लक्षात घेऊन येथे सु. ६५० वॉट क्षमतेचा संच घ्यावा. ८० टक्के कार्यक्षमतेचा संच ४०० वॉट देण्यासाठी भिंतीतून ५०० वॉट घेतो. ९० टक्क्यांचा ४४४ वॉट. मधला फरक उष्णतेच्या रूपाने पेटीतच राहतो व पंख्याचा आवाज वाढवितो. नवशिके जुळणीकार सर्वाधिक काटकसर याच घटकात करतात; तथापि हा बिघडल्यास इतर सर्व घटकांना धोका पोहोचू शकतो.

(६) कॅबिनेट व शीतन : समोरून हवा आत व मागून-वरून बाहेर असा सरळ मार्ग मोकळा हवा. तेवढीच हवा मोठा पंखा कमी फेऱ्यांत देतो व कमी आवाज करतो. म्हणून १२० किंवा १४० मिमी. व्यासाचे पंखे घ्यावेत.

(७) ऑडिओ इंटरफेस : मदरबोर्डावरील ध्वनिमंडल खेळ ऐकण्यास पुरेसे असते, मुद्रणासाठी मात्र ध्वनिग्राहकाचा क्षीण संकेत वाढविणारा विवर्धक, चांगले रूपांतरक व धारित्र-ध्वनिग्राहकाला लागणारा ४८ व्होल्ट दाब पुरविणारी सोय असलेले, यू. एस. बी.ने जोडावयाचे वेगळे साधन घ्यावे. ते पेटीबाहेर असल्याने आतील विद्युत् गोंगाटापासून काहीसे दूर राहते. येणारा स्वर संगणकात न नेता थेट श्रवणसंचात ऐकविण्याची सोय त्यात असेल, तर विलंबाचा प्रश्न बराचसा सुटतो. एकूण अंदाजपत्रकात या साधनाची व ध्वनिग्राहकाची रक्कम आधी बाजूला काढावी. अन्यथा ग्राफिक्स कार्डानंतर ती उरत नाही.

जुळणीची पद्धती : स्थितिक विद्युत् हा पहिला धोका होय. अंगावरील विद्युत् भाराचा चटका माणसाला जाणवण्यास काही हजार व्होल्ट लागतात. सूक्ष्म अर्धसंवाहक घटक त्याहून पुष्कळ कमी दाबाने निकामी होऊ शकतात. म्हणून काम लाकडी मेजावर करावे व कॅबिनेटाच्या धातूला वारंवार स्पर्श करावा. प्रथम मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रक्रियक बसवितात. प्रक्रियकाच्या कोपऱ्यावरील त्रिकोणाची खूण बैठकीवरील खुणेशी जुळवावी. तो अलगद ठेवला की आपल्या जागी बसतो, त्यावर जोर देऊ नये. रॅमच्या पट्ट्या मात्र ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत दाबाव्या लागतात. प्रक्रियकावर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावून शीतक बसवितात. शीतकाच्या तळाचा संरक्षक पापुद्रा आधी काढावा. कॅबिनेटात मदरबोर्डाखाली पितळी उंचवटे योग्य छिद्रांशी बसवावे लागतात. ते नसल्यास मंडलाची पाठ धातूला टेकून मंडलसंक्षेप होतो. त्यानंतर वीजपुरवठा, तारा व शेवटी ग्राफिक्स कार्ड हा क्रम सोयीचा असतो. वीजपुरवठ्याची पेटी कधीही उघडू नये. बंद केल्यानंतरही तिच्यातील धारित्रांत धोकादायक भार उरलेला असतो.

प्रथम प्रारंभ व दोषशोधन : पहिल्या प्रयत्नात संगणक चालू न झाल्यास बहुधा घटक सदोष नसून जोडणी अपुरी असते. नेहमी आढळणारे दोष पुढीलप्रमाणे : प्रक्रियकाची वेगळी वीजतार जोडावयाची राहणे, रॅमची पट्टी अर्धवट बसणे, एस. एम. पी. एस.च्या मागील बटण बंद असणे व पडद्याची तार ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावणे. शेवटच्या दोषात संगणक चालतो, परंतु महागडे कार्ड निरुपयोगी राहते व खेळ मंद चालतात. दोष सापडत नसल्यास अत्यावश्यक घटकच जोडून प्रारंभ करावा व मग एकेक घटक वाढवीत जावे. डी. डी. आर. ५ स्मृतीचा संगणक प्रथम सुरू होताना स्मृतीची जुळवणूक करण्यात काही मिनिटे घेऊ शकतो. तो बंद पडला असे समजून वीज तोडू नये.

कार्यकारी प्रणाली : विंडोज प्रणालीवर बहुतेक खेळ चालतात. तीवर मुद्रणासाठी इंटरफेसच्या उत्पादकाने दिलेला ‘एशिओ’ पद्धतीचा चालक बसवावा; स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने तयार केलेली ही पद्धती ध्वनीला प्रणालीतील इतर टप्पे टाळून थेट मार्ग देते. लिनक्स प्रणालीवर ‘आर्डर’सारखी मुक्त मुद्रणसाधने चांगली चालतात, तथापि काही जालीय खेळांतील फसवणूक-प्रतिबंधक यंत्रणा लिनक्स स्वीकारीत नाहीत. मुद्रण करताना वीजबचतीच्या योजना, बिनतारी जाल व पार्श्वभूमीवरील अद्ययावतीकरण तात्पुरते बंद ठेवल्यास ध्वनीतील खंड पुष्कळ कमी होतात.

आवाज, वीज व हवामान : खेळ चालू असताना पंख्यांचा आवाज खेळातील ध्वनीत बुडून जातो. तंबोऱ्याचा मंद झंकार मुद्रित करताना मात्र तोच आवाज प्रत्येक तारेमागे ऐकू येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की ध्वनीची पातळी सु. ६ डेसिबेलांनी उतरते; बंद खोलीत प्रतिध्वनींमुळे हा लाभ कमी असतो. तरीही पेटी मेजाखाली दूर ठेवणे व एकदिश ध्वनिग्राहकाची पाठ तिच्याकडे करणे हे बिनखर्चाचे उपाय प्रभावी ठरतात.

मुद्रणात ५० हर्ट्झची सलग गुणगुण ऐकू आल्यास तिचे कारण बहुधा सदोष अर्थिंग किंवा दोन साधनांतील अर्थिंगच्या तारांचे वेटोळे असते. सर्व साधने एकाच फळीवरून जोडल्यास ती सामान्यतः जाते. गुणगुण घालविण्यासाठी तीन पायांच्या प्लगचा अर्थिंगचा पाय काढून टाकण्याची क्लृप्ती काही ठिकाणी केली जाते. ती प्राणघातक ठरू शकते, कारण दोष उद्‌भवल्यास पेटीचा धातू व गायकाच्या हातातील ध्वनिग्राहक यांत वीज उतरते. भारनियमन होणाऱ्या भागात यू. पी. एस. आवश्यक असतो, पण ६०० व्होल्ट-अँपिअरचा नेहमीचा संच साधारणतः ३६० वॉटच देतो, त्यामुळे खेळाचा पूर्ण भार तो पेलू शकत नाही. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की आतील घटकांचे तापमानही जवळजवळ तेवढेच वाढते. म्हणून विदर्भातील उन्हाळ्यात शीतनास अधिक वाव ठेवावा लागतो, तर कोकण व गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत संगणक नियमित चालू ठेवणे व धूळगाळण्या धुणे महत्त्वाचे असते.

उपलब्धता व महत्त्व : मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग), दिल्लीत नेहरू प्लेस व बंगळुरात एस. पी. रोड या सुट्या घटकांच्या प्रसिद्ध बाजारपेठा आहेत. घटकांच्या किमती स्थिर नसतात. आभासी चलनाच्या खाणकामामुळे व २०२०–२२ मधील अर्धसंवाहकांच्या टंचाईमुळे ग्राफिक्स कार्डांच्या किमती अतिशय चढल्या होत्या. अशा काळात तयार संगणक सुट्या घटकांपेक्षा स्वस्तही पडू शकतो. त्यामुळे जुळणीचा लाभ केवळ पैशांत मोजता येत नाही. जुळविलेल्या संगणकाचा एक भाग निकामी झाला, तर तेवढाच बदलता येतो. गरज वाढली, तर तेवढीच भागविता येते. प्रत्येक घटकाची हमी स्वतंत्र असल्याने पावत्या व खोकी मात्र जपून ठेवावी लागतात. ज्या मुद्रणासाठी पूर्वी स्टुडिओचे भाडे तासावर मोजावे लागे, ते घरच्या एका खोलीत हवे तितक्या वेळा करता येणे, ही नवोदित कलावंताच्या दृष्टीने या यंत्राची सर्वांत मोठी देणगी होय. अट एवढीच की, मुद्रणाच्या वेळी ते यंत्र शांत राहिले पाहिजे.